बैलाचे नाव, मांजराचे डोळे
मांजरीचे पोरके पिल्लू दिसले, की वाटीभर गाईचे दूध पुढे करावे, झाली भूतदया! अशी आपली रीत. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुपटीहून अधिक असतात, हे एक. पण खरी मेख निराळीच. अमेरिकेत १९७५ साली हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दुधातल्या शुद्ध केसीनवर पोसलेल्या मांजरांचे दृष्टिपटल झिजत जाते. उणीव होती टॉरिनची! हे द्रव्य १८२७ साली बैलाच्या पित्तात सापडले, नावही लॅटिनमधल्या बैलावरूनच पडले. आणि गाईच्या दुधात मात्र ते नावापुरते. १९८७ साली पायन प्रभृतींनी मांजरांच्या हृदयविकाराचा धागाही तेथेच जोडला. आता पिल्लांच्या दूधभुकटीत टॉरिन घालतात. पाजताना पिल्लू पालथेच धरावे. उताणे धरले, की दूध फुप्फुसात उतरते.