फुलं सुकवायची, पण कुजू द्यायची नाहीत! हे जमतं कसं?

बागेतला गुलाब फुलदाणीत ठेवला की चार-पाच दिवसांत मान टाकतो. तोच नीट सुकवला तर कित्येक महिने घराची शोभा वाढवतो. पण काही फुलं सुकून सुंदर राहतात आणि काही काळी पडतात, असं का?

कारण एकच, पाणी. ताज्या फुलाच्या वजनात सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. ते लवकर निघून गेलं तर आकार आणि रंग बऱ्यापैकी टिकतात. रेंगाळलं तर बुरशी धरते, पाकळ्या तपकिरी होतात. म्हणून आधी फूल बघायचं, मग पद्धत ठरवायची.

उलटी टांगून

कोंबडा, कुर्डू, गोम्फ्रेना अशा मुळातच कोरड्या फुलांसाठी ही बिनखर्चाची पद्धत. दव उडाल्यावर सकाळी फुलं कापावीत, पानं काढावीत आणि लहान जुड्या कराव्यात. जुडी रबराने बांधावी, कारण सुकताना दांडे बारीक होतात आणि दोरा सैल पडतो. मग अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे उलटी टांगावी. उलटी टांगल्याने मऊ दांडा फुलाच्या भाराने वाकत नाही. अंधार यासाठी की उन्हाने रंग उडतो.

सिलिका जेलमध्ये

गुलाब, शेवंती, डेलियासारख्या भरगच्च फुलांत पाणी जास्त असतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलचे बारीक दाणे पसरून त्यावर फूल ठेवावं. पाकळ्यांच्या मधेही दाणे हलक्या हाताने भरून फूल पूर्ण झाकावं. साधारण तीन ते सात दिवसांत ते सुकतं. दाणे तापवले की पुन्हा वापरता येतात. मात्र त्यांची धूळ नाकात जाऊ देऊ नये आणि डबा स्वयंपाकाचा नसावा.

स्वस्तातला पर्याय म्हणजे धुऊन कडकडीत वाळवलेली बारीक वाळू. यात डबा उघडा ठेवायचा आणि दोन-तीन आठवडे थांबायचं.

पानांसाठी ग्लिसरीन

पानं नुसती सुकवली की चुरा होतात. त्यासाठी एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी एकत्र करून त्यात निलगिरीची फांदी दोन-तीन आठवडे उभी ठेवतात. दांड्याचं टोक तिरकं कापलेलं असावं. पाण्याची जागा ग्लिसरीन घेतं आणि पान लवचिक राहतं. रंग मात्र बदलतो.

पिंपळाचं जाळीदार पान

वहीत जपलेलं पिंपळपान अनेकांना आठवत असेल. पान काही आठवडे पाण्यात भिजत ठेवलं, पाणी अधूनमधून बदललं, की सूक्ष्मजीव त्याचा मऊ गर खातात. कणखर शिरा उरतात. मऊ ब्रशने उरलेला गर झाडून पान कागदात दाबून वाळवायचं. म्हणजे इथे कुजणंच कामाला येतं!

पावसाळ्याचं काय?

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात टांगलेली फुलं सुकण्याआधीच बुरशीला बळी पडू शकतात. त्या दिवसांत सिलिका जेल बरं. सुकलेली फुलंही हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून तेव्हा ती डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावीत. डबा बंद करण्याआधी देठ वाकवून बघावा. कडकन मोडला तर फूल तयार, नुसता वाकला तर आत अजून पाणी आहे.