ठिकाण आणि वाट

गणपतीपुळ्यास मोटारीने जाणारा प्रवासी आता सहसा वाट विचारीत नाही. निवळीच्या फाट्यावर महामार्ग सोडून जाकादेवी-चाफेमार्गे खाली उतरावे, की रत्नागिरीस जाऊन आरे-वारेचा सागरी रस्ता धरावा, हे त्याला समोरच्या काचेजवळचा लहानसा पडदा सांगतो. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही एक इतिहास आहे, याचे आपल्याला विस्मरण होते. तो इतिहास थोडक्यात पाहावा, आणि अशा उपकरणावर कितपत विसंबावे याचा विचार त्याच्या आधारे करावा, असा आमचा हेतू आहे.

कोकणातील जुन्या वाटा माणसांच्या बोलण्यात नांदत होत्या. पाखाडी, साकव, खिंड, तिठा, तर ही त्या बोलण्यातली खुणेची नावे. खुद्द 'पुळे' हे नावही पुळणीवरून आलेले. गावाचे नाव उच्चारताच तेथे वाळूचा किनारा आहे हे ऐकणाऱ्यास कळे. वाट सांगणारा माणूस नुसती दिशा सांगत नसे. साकवावर पाणी आले असेल, ओहोटी लागेपर्यंत थांबावे लागेल, तरीवरचा नावाडी अंधार पडल्यावर मिळणार नाही, हेही तो सांगे. वाटेच्या माहितीत वेळेची माहिती मिसळलेली असे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, तेव्हा महूजवळ भेटलेल्या शिपायांकडूनच त्यांना येऊ घातलेल्या बंडाची वार्ता समजली. पुढचा रस्ता कसा आहे, हे त्या काळी पुढून येणाऱ्या माणसालाच ठाऊक असे.

नकाशा ही वस्तू मात्र वेगळ्या घरची. भारतीय सर्वेक्षण खात्याची स्थापना १७६७ सालची, आणि लॅम्टनने मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला, ते वर्ष १८०२. हे सारे काम राज्यकारभार, महसूल आणि लष्कर यांच्या गरजेतून उभे राहिले. स्वातंत्र्यानंतरही सरहद्दीलगतच्या व समुद्रकिनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव सामान्य नागरिकास सहजी मिळत नसत. रत्नागिरीचा किनारा त्याच पट्ट्यात येतो. म्हणजे ज्या गावात माणूस जन्मला, त्याच गावाचा तपशीलवार नकाशा त्याच्यापासून दूर ठेवलेला होता. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांवरील परवानग्यांची बरीच बंधने दूर केली.

उपग्रहांचा इतिहासही असाच लष्करी आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जीपीएसचा प्रकल्प १९७३ मध्ये हाती घेतला. त्यातील पहिला उपग्रह १९७८ मध्ये आकाशात गेला. सप्टेंबर १९८३ मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले, त्यानंतर ही यंत्रणा नागरी वापरासाठीही खुली करण्याची घोषणा झाली. तरी नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती चूक शंभर मीटरपर्यंत जाई. आरे-वारेच्या रस्त्यावर शंभर मीटरची चूक म्हणजे गाडी समुद्रात तरी दिसावी किंवा डोंगराच्या माथ्यावर तरी! मे २००० मध्ये ही मिसळ थांबवण्यात आली, आणि मोटारीतील वाटाड्या खऱ्या अर्थाने शक्य झाला. भारताने स्वतःच्या नाविक यंत्रणेचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये आणि सातवा २०१६ मध्ये सोडला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. उपग्रह फक्त ठिकाण कळवतो. किमान चार उपग्रहांचे संदेश किती वेळाने पोहोचले यावरून ग्राहकयंत्र आपण कोठे आहोत हे काढते. रस्ता उपग्रहाला दिसत नाही. तो नकाशात असतो, आणि नकाशा कोणीतरी, केव्हातरी केलेला असतो. ठिकाण बिनचूक दिसते म्हणून वाटही बिनचूक असणार, असे आपण मनाशी धरून चालतो. जुन्या वाटाड्याच्या सांगण्यात असलेला वेळ नेमका येथे गळून पडतो.

याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेल्या तिघांची मोटार अकोले तालुक्यात पडद्यावरील मार्गाने जाताना रात्री धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. तो रस्ता खोटा नव्हता. वर्षातील काही काळ तो पाण्याखाली असतो, हे गावाला ठाऊक होते. जुलै २०२५ मध्ये बेलापूर येथे पुलावरून जाण्याऐवजी पुलाखालच्या वाटेने गेलेली एका महिलेची मोटार खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवले.

याहून मोठा धडा सावित्री नदीने दिला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्यांसह काही वाहने नदीत गेली. जयगड गणपतीपुळ्याच्या शेजारचेच बंदर; त्या गाडीतली माणसे याच किनाऱ्यावरची. तेथे कोणा उपकरणाचा दोष नव्हता. परंतु त्या घटकेला जगातील प्रत्येक नकाशावर तो पूल उभाच होता. पूल पडल्याचे जाणवल्यावर मागून येणारी वाहने थांबवली ती जवळच्या गॅरेजमधील एका कामगाराने. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला.

तेव्हा उपकरण कोणते घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे दिसते. काचेला चिकटवायचे स्वतंत्र यंत्र असो वा हातातला मोबाइल, त्यातील नकाशा किती ताजा आहे हे प्रथम पाहावे. घाटात मोबाइलची रेंज गेली तरी उपग्रहाचा संदेश मिळत राहतो, पण नकाशा उतरवून घेतलेला नसल्यास पडदा कोरा राहतो. म्हणून तो घरूनच उतरवून घ्यावा. आणि गणपतीपुळ्याहून गुहागरकडे जाताना जयगडची शेवटची फेरीबोट केव्हा सुटते, हे मात्र जयगडात विचारावे. ती चुकली तर तवसाळ समोर दिसत असूनही खाडीला लांबचा वळसा पडतो.

जो नकाशा दोन शतके सरकारच्या कपाटात होता, तो आज कोकणच्या प्रत्येक मुलाच्या हातात आहे, ही लहानसहान गोष्ट नव्हे. तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र नकाशा हाती आला म्हणून तिठ्यावरच्या माणसाला विचारणे सोडण्याचे कारण नाही. आज सकाळी त्या रस्त्याने कोण आले, हे अजून त्यालाच ठाऊक असते.