हुडिनीच्या स्मृतिवस्तू : संग्रह आणि इतिहाससंशोधन

हातकड्या व कुलूपबंद पेट्यांतून सुटका करून घेण्याच्या प्रयोगांमुळे जगप्रसिद्ध झालेला अमेरिकन जादूगार हॅरी हुडिनी (१८७४–१९२६) स्वतःही मोठा संग्राहक होता. जादू व परलोकविद्येवरील ग्रंथ, रंगभूमीविषयक कागदपत्रे आणि जाहिरातपत्रके त्याने आयुष्यभर जमविली. त्याच्या मृत्यूनंतर मात्र हा ठेवा एकत्र राहिला नाही. सुमारे ४,००० ग्रंथ १९२७ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळाले. रंगभूमीविषयक संग्रह कालांतराने टेक्सास विद्यापीठात पोहोचला. प्रयोगांची बरीच साधने बंधू हार्डीन याच्याकडून सिडनी रॅडनर या संग्राहकाकडे आली व २००४ मध्ये लास वेगास येथे त्यांचा लिलाव झाला.

या विभाजनामुळे संशोधकापुढे मूलभूत प्रश्न उभा राहतो. एकाच बनावटीच्या असंख्य हातकड्या कारखान्यातून बाहेर पडतात; त्यांपैकी एखादी हुडिनीचीच होती, हे केवळ तिच्या रूपावरून ठरत नाही. त्यासाठी ती कोणाकडून कोणाकडे गेली, याची लेखी साखळी आवश्यक असते. लिलावात वस्तू विखुरल्या की ही साखळी तुटण्याचा धोका वाढतो.

कागदपत्रेही निःशंकपणे स्वीकारता येत नाहीत. आपला जन्म अमेरिकेतील ॲपलटन येथे झाल्याचे हुडिनी सांगत असे. प्रत्यक्षात तो बुडापेस्ट येथे जन्मला होता. म्हणजेच त्याचे प्रसिद्धिसाहित्य हा त्याच्या जीवनाचा नव्हे, तर त्याने घडविलेल्या स्वप्रतिमेचा पुरावा ठरतो.

सारांश, स्मृतिवस्तूचे ऐतिहासिक मूल्य तिच्या लिलावातील किमतीवर नव्हे, तर तिच्याविषयीच्या नोंदींच्या विश्वसनीयतेवर अवलंबून असते. वस्तूबरोबर तिच्या नोंदी जपणे, हेही संग्राहकाचे कर्तव्य होय.