‘निरुपद्रवी’ : सर्रा रोगाच्या इतिहासातील एक शब्द

विज्ञानाच्या इतिहासात शोधांइतकेच महत्त्व शोध नाकारणाऱ्या शब्दांनाही द्यावे लागते. ‘सर्रा’ या पशुरोगाची कथा वाचताना आम्हाला हे प्रकर्षाने जाणवले. उंट, घोडे, गुरे आणि कुत्रे यांना ग्रासणाऱ्या या रोगाच्या नावाचे मूळ काही इंग्रजी शब्दकोश मराठीतील ‘सूर’, म्हणजे धापेचा आवाज, या शब्दात शोधतात.

१८८० साली पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला आजारी घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारा एकपेशीय जीव दिसला. रोगाचे कारण हाच, असे त्याने मांडले. परंतु दोनच वर्षांपूर्वी कलकत्त्यात टिमथी लुइस याला उंदरांच्या रक्तात तसेच जीव आढळले होते आणि ते निरुपद्रवी मानले गेले होते. त्या एका शब्दाच्या बळावर इव्हान्सचा निष्कर्ष बाजूला सारला गेला. १८८५ मध्ये जे. एच. स्टील याने त्या जीवाला इव्हान्सचे नाव दिले खरे, पण त्याची गणना भलत्याच कुळात केली. हाच स्टील पुढे मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य झाला.

सूक्ष्मदर्शकाला जे दिसले नाही, ते रेणूंच्या अभ्यासातून उलगडले. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा आफ्रिकेतील ट्रिपॅनोसोमा ब्रुसीपासून निघालेला फाटा आहे. त्याच्या कायनेटोप्लास्टमधील डीएनएची मोठी वर्तुळे नाहीशी झाली आहेत. त्यामुळे त्सेत्से माशीच्या शरीरात त्याची वाढ होत नाही; मात्र इतर चावऱ्या माश्यांच्या सोंडेवरून तो थेट एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. या हानीनेच त्याला आफ्रिकेबाहेरचे जग खुले केले.

माणसाला मात्र त्याचे भय नाही, असा समज पुढेही टिकला. मानवी रक्तातील अपोलिपोप्रोटीन एल-१ या प्रथिनाने तो मरतो. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात हा परजीवी सापडला. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, त्या प्रथिनाच्या जनुकाच्या त्याच्याकडील दोन्ही प्रती सदोष होत्या. म्हणजे अपवादाचे कारण मिळाले आणि नियम शाबूत राहिला, असे वाटले. पण २०१५ मध्ये व्हिएतनाममधील एका स्त्रीला हाच संसर्ग झाला, आणि तिचे जनुक निर्दोष होते.

असे रुग्ण फार विरळ आहेत. घबराटीचे कारण नाही. तथापि ‘निरुपद्रवी’ हा शब्द तोवरच्या निरीक्षणांचा सारांश असतो, निसर्गाने दिलेली हमी नव्हे. १८८० मध्ये त्याची किंमत जनावरांनी मोजली. जनावरांच्या सहवासात राबणारा माणूस तापाने फणफणतो, तेव्हा हा इतिहास आपण आठवायला हवा.