बारा ठोके आणि तळ्यावरचा धूर

पोवाड्यात गडाचं नाव येतं, लढणाऱ्यांची नावं येतात, कोण कुठून चढलं आणि पुढे काय झालं तेही येतं. डीप पर्पल या इंग्लिश बँडचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ मी शब्दांकडे लक्ष देऊन ऐकलं, तेव्हा मला पोवाडाच आठवला. गाव कुठलं, कार्यक्रम कुणाचा होता, आग कशी लागली, आत अडकलेल्यांना कुणी बाहेर काढलं, मग बँडने बिऱ्हाड कुठे हलवलं, ध्वनिमुद्रणाची गाडी कुणाची होती, हे सगळं त्यात आहे आणि ते घडलेलं आहे. गिटारचा तो सुरुवातीचा तुकडा जगभर इतका वाजला, की त्यामागे एका खऱ्या आगीची हकीकत आहे हे अनेकांच्या कानावर पडूनही मनात उतरत नाही.

ही हकीकत स्वित्झर्लंडमधली. जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो नावाचं गाव आहे. १९७१च्या डिसेंबरात डीप पर्पल तिथे नवा आल्बम करायला आला. स्टुडिओच्या चार भिंतींत गाणी मरतात, मैफिलीसारखा आवाज मिळाला पाहिजे, असं बँडचं मत होतं. म्हणून रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेतला होता. म्हणजे एक मोठा ट्रक, आणि त्याच्या पोटात ध्वनिमुद्रणाची सारी यंत्रं. तळ्याकाठचा कॅसिनो हिवाळ्यासाठी बंद होणार होता. तो रिकामा झाला की त्याच्याच सभागृहात ध्वनिमुद्रण करायचं ठरलं होतं.

त्याआधीचा शेवटचा कार्यक्रम ४ डिसेंबरला होता, फ्रँक झप्पा आणि त्याच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’चा. पर्पलची मंडळीही ऐकायला गेली होती. कार्यक्रम रंगात असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन झाडली. गोळा वेताने मढवलेल्या छताला लागला आणि छताने पेट घेतला. झप्पाने लोकांना शांतपणे बाहेर पडायला सांगितलं. माँत्रो जॅझ महोत्सवाचे सर्वेसर्वा क्लोद नोब्स धावत आत-बाहेर करत अडकलेल्या पोरांना ओढून काढत होते. जीव कुणाचाही गेला नाही. कॅसिनो मात्र जळून गेला, आणि त्याच्याबरोबर झप्पाच्या बँडची वाद्यंही.

डीप पर्पलचे लोक तळ्याकाठच्या हॉटेलातून ते जळणं बघत राहिले. डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याने धूर वर जाऊ दिला नाही, तो पाण्यावर पसरला. काही दिवसांनी बासवादक रॉजर ग्लोव्हर झोपेतून जागा झाला तो एक शब्दसमूह तोंडात घेऊनच. तेच पुढे गाण्याचं नाव झालं. त्याला आधी शंका होती, की लोकांना हे नशेचं गाणं वाटेल.

पण चाल या शब्दांची वाट बघत थांबलेली नव्हती. तिचा जन्म वेगळा आहे, आणि मला तो जास्त आवडतो.

कॅसिनो गेल्यावर नोब्सनी धावपळ करून बँडला गावातलं पॅव्हिलियन हे जुनं थिएटर मिळवून दिलं. तिथे गिटारवादक रिची ब्लॅकमोर आणि ड्रमर इयान पेस यांनी एक साधा तुकडा वाजवायला घेतला. गिटारवाले ज्याला रिफ म्हणतात, तो. बँडने त्यावर अख्खा ट्रॅक उभा केला. आवाज इतका प्रचंड होता की आसपासच्या लोकांची झोप उडाली आणि पोलीस आले. वाद्यं वाहणारी पोरं आतून दाराला रेटा देऊन उभी राहिली, पोलीस बाहेरून दार ठोठावत राहिले, आणि तेवढ्या वेळात ट्रॅक पुरा झाला. त्याला शब्द नव्हते, नाव नव्हतं. पॅव्हिलियनमध्ये पुन्हा पाऊल टाकता आलं नाही.

बाकीचा आल्बम झाला तो ग्रँड हॉटेलच्या बोळात. हॉटेल हिवाळ्यासाठी बंद, थंडी कडाक्याची. गाद्या उभ्या करून आवाज अडवायचा, केबल खोल्याखोल्यांतून आणि बाल्कनीतून बाहेरच्या ट्रकपर्यंत नेलेल्या. वाजवलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जाण्याची वाट इतकी अडचणीची होती, की त्यांनी जाणंच सोडून दिलं. मार्टिन बर्च या ध्वनिमुद्रकाने बरं म्हटलं की पुढचं गाणं. शेवटी आल्बमला काही मिनिटं कमी पडत होती, तेव्हा पॅव्हिलियनमधला तो पोरका ट्रॅक आठवला. गायक इयान गिलन आणि ग्लोव्हर यांनी त्यावर आगीची हकीकत लिहिली. विषय शोधावा लागला नाही, त्यांच्यावर ओढवलं ते सांगायचं होतं.

रिफमध्ये बारा ठोके आहेत, पण सूर चारच. पेटीवर बसून बघा: सा, कोमल ग, शुद्ध म, आणि एकदाच डोकावून जाणारा तीव्र म. हा तीव्र मध्यम काढला तर सगळी धार जाते. ब्लॅकमोर प्रत्येक सुराखाली चार स्वरांवरचा जोडसूर घेतो, म्हणजे षड्जाखाली मंद्र पंचम. आपल्या तानपुऱ्याच्या पहिल्या दोन तारांत हेच अंतर असतं, म्हणून तो नाद मला कधी परका वाटला नाही. हे जोडसूर तो पिकने झोडपत नाही, दोन तारा बोटांनी एकदम ओढतो. घाईने पिक मारणाऱ्या नवशिक्याचं वाजवणं जवळपास तसंच वाटतं, पण दोन्ही सूर एका क्षणी सुटत नाहीत. दुसरी गंमत जॉन लॉर्डची. त्याने हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवला, त्यामुळे ऑर्गनही गुरगुरतो आणि गिटार कुठे संपते ते कळत नाही. आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट आणि ऑर्गन, मग पूर्ण ड्रम्स, शेवटी बास. घर कसं बांधतात ते समोर दाखवावं, तशी ही सुरुवात आहे.

हा आल्बम ‘मशीन हेड’ या नावाने मार्च १९७२ मध्ये आला. बँडचा भरवसा ‘नेव्हर बिफोर’वर होता, सिंगल म्हणून तेच निघालं. ‘स्मोक’ मैफिलीत लोकांनी उचललं. त्याच ऑगस्टमध्ये जपानात ध्वनिमुद्रित झालेल्या ‘मेड इन जपान’मध्ये ते आहे. अमेरिकेत सिंगल म्हणून ते १९७३ मध्ये निघालं आणि बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. तोवर जूनअखेर गिलन आणि ग्लोव्हर बँड सोडून गेले होते. ज्यांनी ते शब्द लिहिले, ते बाहेर पडले तेव्हा गाणं चढत होतं. मला हे नेहमी चुटपुट लावतं. पुढे दोघे परत आले, हे खरं.

डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला. त्याच्या मदतीसाठी हेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित झालं, आणि त्यात गिलन, ब्लॅकमोर यांच्याबरोबर डेव्हिड गिल्मर, ब्रायन मे, टोनी आयोमी असे वेगवेगळ्या बँडमधले लोक एकत्र आले. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत दीड हजारांहून अधिक गिटारवादकांनी हा रिफ एकत्र वाजवला. १९९५च्या एप्रिलमध्ये डीप पर्पल मुंबईत आला, तेव्हा ब्लॅकमोर बँडमध्ये नव्हता, त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स होता. ती मैफील ‘बॉम्बे कॉलिंग’ या नावाने चित्रित झालेली आहे, आणि तिचा शेवट याच गाण्याने होतो.

माँत्रोचा कॅसिनो पुन्हा उभा राहिला, १९७५ मध्ये उघडला. जॉन लॉर्ड जुलै २०१२ मध्ये गेला. त्याच्यामागोमाग जानेवारी २०१३ मध्ये क्लोद नोब्स गेले, बर्फावर झालेल्या अपघातानंतर. गाण्यात त्यांचं नाव आहे, धूर भरलेल्या सभागृहातून पोरांना ओढून बाहेर काढणारा माणूस म्हणून. गिलन दर मैफिलीत ते घेतो.