बंदुकीतलं धनुष्य

आमच्या शहराच्या छावणीत एक निवृत्त हवालदारकाका राहतात. पोलिसातली त्यांची निम्मी नोकरी थ्री नॉट थ्री खांद्यावर घेऊन झाली. एकदा त्यांना विचारलं, ‘काका, त्या रायफलीच्या बोल्टला मराठीत तुम्ही काय म्हणायचात?’ ते उठले आणि मला घराच्या दारापाशी घेऊन गेले. जुनं सागवानी दार, त्याला आडवी लोखंडी कडी. तिची मूठ दोन बोटांत धरून म्हणाले, ‘सर, हे बघा. उचला, मागं ओढा, पुढं ढकला, खाली पाडा. झालं. बोल्ट बोल्टच म्हणायचो आम्ही, पण नव्या पोरांना शिकवताना कडीच दाखवायची.’

कडीचा तो खटॅक आवाज डोक्यात घेऊनच मी घरी आलो. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचं सगळं कूळ त्या चार हालचालींत आहे. एकोणिसाव्या शतकात ड्रायझं नावाच्या जर्मन कारागिराने ती कडी बंदुकीच्या मागच्या अंगाला बसवली. तोवर बंदूक सहसा तोंडाने भरायची, ती आता पाठीमागून भरू लागली. पुढे मौझर आली, रशियाची मोसिन-नागां आली, आणि आपल्याकडे सर्वांत ओळखीची झाली ती ली-एन्फिल्ड, म्हणजेच काकांची थ्री नॉट थ्री. यातलं ‘ली’ हे जेम्स पॅरिस ली या रचनाकाराचं नाव आणि ‘एन्फिल्ड’ हे लंडनजवळच्या कारखान्याचं गाव. भारतात ती कोलकात्याजवळ ईशापूरला बनत राहिली.

या रायफली जमवून एकमेकींशी ताडून बघणारे शौकीन जगभर आहेत. त्यांच्या तुलना ऐकण्यासारख्या असतात. मौझरची कडी काटकोनात उचलावी लागते, एन्फिल्डची साठ अंशांत उठते. मौझरच्या पोटात पाच गोळ्या, एन्फिल्डच्या दहा. मौझरची कमान कडी उचलताना ताणली जाते, एन्फिल्डची कडी पुढे ढकलताना. काका म्हणाले होते, ‘ढकलताना शेवटी जरा जोर लागतो.’ तो जोर त्या कमानीचा. आपल्याकडे मात्र हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यातला नाही. थ्री नॉट थ्री लष्करी बोअरची, म्हणून खाजगी हातांना वर्ज्य. शिकाऱ्यांसाठी ईशापूरने त्याच घडणीची ‘थ्री फिफ्टीन’ वेगळी काढली ती त्यामुळेच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं. दोन बंदुकांचा काय संग्रह होणार? म्हणून मी या बंदुकांचे शब्द जमवतो.

नावापासूनच सुरुवात करू. ‘थ्री नॉट थ्री’ मधलं ‘नॉट’ हे नकारार्थी नव्हे. इंग्रजांच्या जुन्या बोलीत शून्याला ‘नॉट’ म्हणत. नळीचं छिद्र इंचाच्या एक हजार भागांपैकी तीनशे तीन भाग रुंद, म्हणजे ७.७ मिलिमीटर. पुढचं दशांशचिन्ह बोलताना गळून पडलं आणि उरलेला आकडा नाव होऊन बसला. मराठवाड्यातल्या खेड्यांत ज्यांनी इंग्रजीचं एक अक्षर गिरवलं नाही, तेही ‘थ्री नॉट थ्री’ बिनचूक म्हणतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या मोठ्या स्टेशनात काही पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. शंभर वर्षांपूर्वीच्या घडणीची कडी मागेपुढे करत त्यांनी दहशतवाद्यांच्या स्वयंचलित बंदुकांना तोंड दिलं. ते नाव उच्चारताना माझ्या मनात ती रात्र येतेच.

‘बंदूक’ हा शब्द तर चक्क एक फळ आहे. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, बोराएवढं टणक कवचाचं फळ. त्या आकाराच्या मातीच्या गोळीला तेच नाव पडलं, मग गोळी फेकणाऱ्या साधनाला. अरबांनी तो शब्द ग्रीकांकडून उचलला होता. ग्रीक या फळाला ‘पोंटसचं’ म्हणत, काळ्या समुद्राकाठच्या मुलखाच्या नावावरून. शब्द इतका लांबून आला आणि आपल्याकडे आल्यावर फळ विसरून गेला.

‘काडतूस’ पोर्तुगीजांचं: कार्तूश. त्याच्या मुळाशी ‘कार्ता’, म्हणजे कागद. पूर्वी काडतूस खरोखरच कागदाचं असे, दारू आणि गोळी गुंडाळलेली पुडी. ती दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची. १८५७ ची चरबीची काडतुसं याच पुडीची. काडतूस कागदाचं होतं म्हणून ते तोंडाला लावावं लागे, आणि तोंडाला लावावं लागे म्हणून धर्म बुडायची भीती. पितळी काडतूस वीसेक वर्षं आधी आलं असतं तर तो प्रश्न या रूपात उभाच राहिला नसता. १८५७ च्याच जूनमध्ये आमच्या याच छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातही बंड झालं. शहरातल्या क्रांती चौकाचं नाव त्याची आठवण सांगतं. तिथल्या सिग्नलला थांबलो की मला त्या शब्दातला कागद आठवतो.

‘मॅगझिन’ हा शब्द आपण बंदुकीलाही लावतो आणि मासिकालाही. मूळ अरबी ‘मख्झन’, साठवणीची जागा. आपला ‘खजिना’ त्याच धातूतला, म्हणजे एन्फिल्डच्या पोटातली दहा गोळ्यांची पेटी ही खजिन्याची चुलत बहीण.

अस्सल मराठी मुलूख लागतो तो बंदूक भरण्या-उडवण्याच्या शब्दांत. ठासणीची बंदूक आता कोकणात शेतीच्या राखणीपुरती उरली, पण आपण अजून ठासून बोलतो. ‘बार’ म्हणजे बंदुकीत भरलेला ऐवज. तो गोळीबारात आहे, फुसक्या बारात आहे, आणि वैशाखात घरोघरी उडणाऱ्या लग्नाच्या बारात आहे. ‘घोडा’ दाबला म्हणतो आपण. गंमत अशी की बारावर ठोका मारणाऱ्या या भागाला अनेक भाषांनी जनावरंच बहाल केली. इंग्रजांनी आणि जर्मनांनी कोंबडा, फ्रेंचांनी आणि इटालियनांनी कुत्रा, आपण घोडा. एन्फिल्डला बाहेर दिसणारा घोडा नाही, सगळी करणी कडीच्या आत. तरी भाषेने घोडा सोडला नाही.

आणि ‘चाप’. हा शब्द मला सर्वांत प्रिय होता. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. चाप ओढला म्हणताना धनुष्याची दोरी ओढल्याचीच स्मृती आहे, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो आणि लोकांना हौसेने सांगतही आलो. पुढे शंका आली. केसांना लावतो तोही चापच. उंदराच्या सापळ्यालाही चाप. लुगडं चापूनचोपून नेसतात, वाह्यात पोराला चाप लावतात. यातल्या एकातही धनुष्य नाही, सगळीकडे दाब आहे. हिंदीत ‘चाँप’ म्हणजे दाब, आणि ‘चाँपना’ म्हणजे दाबणं. अनुनासिक आपसूकही येतो, सर्पाचा साँप झालाच, तेव्हा नुसत्या टिंबावर निकाल देता येत नाही. पण अर्थांचा सगळा गोतावळा ‘चापणे’कडे बोट दाखवतो. मी धनुष्यावरचा हक्क सोडला. सोडताना वाईट वाटलं, हे कबूल करतो.

ते धनुष्य परत मिळालं ते नको तिथे शोधताना. पहिल्यांदा इंग्रजीत. ‘बोल्ट’ हा शब्द दाराच्या कडीच्या आधी बाणाचा होता, आखूड, जड टोकाचा बाण. तसाच बुटका लोखंडी दांडा दाराला बसवला, त्यालाही तेच नाव, आणि दारावरून ते बंदुकीत शिरलं. म्हणजे काकांच्या थ्री नॉट थ्रीत बाण होता.

दुसऱ्यांदा मिळालं ते आपल्याच शाळेच्या भिंतीवर. ‘शिस्त’. आपण या शब्दाला शिष्टाचाराच्या शेजारी बसवतो आणि तो संस्कृतच असणार असं धरून चालतो. तो फारसी आहे. ‘शस्त’ म्हणजे अंगठा, आणि तिरंदाज अंगठ्यात घालत ती अंगठीही. मध्य आशियापासून दिल्लीपर्यंत धनुष्याची दोरी बोटांनी नव्हे, अंगठ्याने ओढत. दोरीने कातडी सोलू नये म्हणून हाडाची, शिंगाची, क्वचित जेडची अंगठी. शहाजहानची अशी एक अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अंगठीवरून नेमाचा अर्थ आला. मराठीत नेमावरून सरळ रेष, रांग, वळण, आणि शेवटी प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं. हिंदीभाषक कवायतीत आजही नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात.

याच्या शेजारी ‘नेम’ ठेवून पाहा. तो ‘नियमा’तून आला. नेमधर्मातला नेम, नेमक्यातला नेम आणि बंदुकीचा नेम एकच. म्हणजे नेम नियमाकडून निघून निशाणावर पोचला आणि शिस्त निशाणाकडून निघून नियमावर. दोघे वाटेत कुठे तरी एकमेकांना ओलांडून गेले असतील. ‘कवायत’ही याच घरातली: अरबी ‘कायदा’चं ते अनेकवचन. उर्दू शाळेत मुलाच्या हाती पहिलं पुस्तक येतं त्यालाही कायदा म्हणतात, आणि आपल्या शहरात असे कायदे दप्तरात घेऊन जाणारी मुलं रोज दिसतात. हे तीन शब्द एका ओळीत उभे करायला मला फार वर्षं लागली. या संग्रहातला हा माझा सर्वांत मोलाचा ऐवज आहे.

परवा पुन्हा छावणीत गेलो. काकांना विचारलं, ‘तुम्ही नेम धरायचात की शिस्त घ्यायचात?’

‘नेम पोरं धरतात सर, कैऱ्या पाडायला,’ ते म्हणाले. ‘आमचे उस्ताद यूपीचे. ते ओरडायचे, शिस्त लो. आम्ही शिस्त घ्यायचो.’

मग त्यांना अंगठीची हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. हात पुढे करून अंगठा उलटासुलटा करून पाहिला. एन्फिल्डच्या कडीची मूठ उजव्या अंगाला असते. ती ओढून ओढून अंगठ्याची कातडी जाड झाली होती, असं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

‘उजवाच ना?’ त्यांनी विचारलं.

उजवाच, मी म्हटलं.