शार्वरी संवत्सरांतील कोरें पान
(चांदा प्रांतीं पाहुणे येईनासे झाले तेव्हांची हकीकत)

चंद्रपूर येथील महाकालीच्या देवळाजवळ पूजासाहित्याचें एक जुनें दुकान आहे. त्या दुकानाची रोजकीर्द सन २०२२ च्या चैत्रांत प्रस्तुत लेखकास पहावयास मिळाली. वही लांबट, लाल कापडी बांधणीची असून मजकूर एकाच हातचा आहे. शके १९४१ च्या चैत्रांतील पानांवर नारळ, खण, हळद, कुंकू, कापूर यांच्या विक्रीच्या नोंदी इतक्या दाट आहेत कीं, समासांतहि आंकडे लिहिलेले दिसतात. पुढें शके १९४२, चैत्र शुद्ध प्रतिपदा, बुधवार, या दिवसाचें पान लागतें. वर ‘श्री’ आहे, तिथि आहे, वार आहे; खालीं कांहीं नाहीं. पुढील बारा पानेंहि तशींच आहेत. त्यानंतर मालकानें तिथि लिहिण्याचेंहि सोडून दिलें आहे.

ती प्रतिपदा म्हणजे २५ मार्च २०२०. महामारीमुळें सर्व देशांत टाळेबंदी सुरू झाली ती त्याच दिवशीं. त्या संवत्सराचें नांव शार्वरी. शर्वरी म्हणजे रात्र, हें संस्कृताच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. नांवाशीं घटनेचा असा मेळ बसणें हा योगायोगच. त्यांतून कोणताहि सिद्धान्त काढण्याचा हेतु नाहीं. परंतु त्या कोऱ्या पानांचा अर्थ लावणें हें मात्र इतिहासाच्या अभ्यासकाचें काम आहे असें वाटल्यावरून पुढील टिपण वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम या नगरास पाहुणे येतात कोठून, तें पाहूं. महाकालीची यात्रा चैत्रांत भरते व पौर्णिमेस तिचा मुख्य दिवस असतो. यात्रेकरूंत मराठवाड्यांतील, विशेषतः नांदेडकडील, भाविकांचा भरणा मोठा; तेलंगणांतूनहि लोक येतात. झरपट नदींत स्नान करून देवीचें दर्शन घ्यावें असा परिपाठ आहे. दुसरा ओघ अलीकडचा, ताडोबाच्या अरण्याकडे जाणाऱ्यांचा. ताडोबास १९५५ मध्यें राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला व १९९५ मध्यें अंधारी अभयारण्यासह तेथें व्याघ्रप्रकल्प झाला. तेव्हांपासून वाघ पाहण्यास परदेशस्थ मंडळीहि येऊं लागली. देशी पाहुण्यांच्या मानानें त्यांची संख्या थोडी खरी, पण त्यांचा मुक्काम लांब व खर्चाचा हात मोकळा; म्हणून महागड्या विश्रामगृहांची भिस्त बरीचशी त्यांच्यावर असे.

हे दोन्ही ओघ मार्च २०२० मध्यें एकदम आटले. व्याघ्रप्रकल्पाचीं प्रवेशद्वारें बंद झालीं. परदेशांतून येणारीं नियमित विमानें त्याच महिन्यांत थांबलीं तीं २७ मार्च २०२२ पर्यंत पूर्ववत् झालीं नाहींत. महाराष्ट्रांतील देवळें १६ नोव्हेंबर २०२० रोजीं उघडलीं, एप्रिल २०२१ मध्यें पुन्हां मिटलीं व ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं, घटस्थापनेस, पुन्हां उघडलीं. परिणाम असा कीं, शके १९४२ व १९४३ या दोन्ही वर्षींची चैत्रयात्रा बुडाली.

आतां प्रश्न असा कीं, पाहुण्यांवर जगणारें नगर अशा वेळीं काय करतें? चंद्रपुरापुरतें उत्तर द्यावयाचें तर नगर आणि वेशीवरचीं गांवें यांचा विचार निरनिराळा केला पाहिजे. नगरास कोळशाच्या खाणी आहेत, औष्णिक विद्युत्केंद्र आहे, जवळच बल्लारपुरास कागदाची गिरणी आहे. तेव्हां देवळापुढील दुकानें ओस पडलीं तरी नगराची चूल विझली नाहीं. मोहर्ली, कोलारा यांसारख्या गांवांची गोष्ट वेगळी. तेथील तरुण वाटाडे झाले होते, कोणी कर्ज काढून जिप्सी गाडी घेतली होती, कोणी विश्रामगृहांत स्वयंपाकास होता. द्वार बंद होतांच या सर्वांची मिळकत एका दिवसांत थांबली. गाडीचे हप्ते मात्र थांबत नव्हते.

त्यांनीं आधार घेतला तो वडिलोपार्जित व्यवसायांचा. चैत्रांत मोहाचीं फुलें, वैशाखांत तेंदूची पानें, पावसाळ्यांत धानाची रोवणी, असा या प्रदेशाचा जुना क्रम आहे. परंतु मोहफुलें पहांटे, वांकून वेंचावीं लागतात. आणि वांकलेल्या माणसावर वाघ झडप घालतो, हा अनुभव या जिल्ह्यास नवा नाहीं. ज्या वाघाच्या दर्शनावर घर चालत होतें, त्याच्याच भयांत फुलें वेंचण्याची पाळी आली. शिवाय प्रकल्पाच्या गाभ्यांत वनोपज गोळा करण्यास मनाई असल्यामुळें मागें फिरावयाची वाटहि अरुंद झालेली होती.

याच्या उलट गडचिरोली जिल्ह्याकडे पाहावें. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ मध्यें सामूहिक वनहक्क मिळाला व २०११ पासून तेथील ग्रामसभा आपला बांबू आपण विकूं लागली. पुढें अनेक ग्रामसभांनीं बांबू व तेंदू यांचा व्यवहार हातीं घेतला. अशा गांवांस टाळेबंदीची झळ लागली नाहीं असें नाहीं. पण त्यांचें पोट दूरच्या पाहुण्याच्या येण्याजाण्यावर टांगलेलें नव्हतें. यावरून एवढें तरी म्हणतां येतें कीं, पाहुणा थांबल्यावर कोण तगतो हें पाहुण्यावर अवलंबून नसून, त्याच्यामागें यजमानाच्या हातीं काय उरतें यावर अवलंबून असतें.

हें दृश्य या भूमीस पहिलेंच नव्हे. भद्रावती, म्हणजे जुनें भांदक, येथील विजासन टेकडींत बौद्ध लेणीं आहेत. डोंगरांत खोल गेलेल्या दालनांच्या शेवटीं बुद्धमूर्ति बसलेल्या आहेत. सातव्या शतकांत ह्युएनत्संग कोसलांत येऊन गेला. त्यानें वर्णिलेली राजधानी कनिंगहॅम यांनीं चांदा प्रांतांत शोधिली होती. पुढील विद्वानांचा कल छत्तीसगडांतील सिरपुराकडे आहे. तो वाद कसाहि सुटो. विजासनास भिक्षु, उपासक व वाटसरू येत होते आणि एके काळीं ते येईनासे झाले, एवढें लेणींच सांगतात. त्यांस धान्य, तेल, वस्त्रें पुरविणाऱ्या गांवकऱ्यांचें पुढें काय झालें? याविषयीं एक अक्षर उपलब्ध नाहीं. पुढें त्याच भांदकांत, विसाव्या शतकाच्या आरंभीं, पार्श्वनाथाच्या जुन्या मूर्तीभोंवतीं जैन तीर्थ पुन्हां उभें राहिलें व नव्या यात्रेकरूंचा ओघ सुरू झाला. म्हणजे एक पाहुणा गेला व कित्येक शतकांनीं दुसरा आला. मधल्या काळाचें पान मात्र कोरें.

दुसरें उदाहरण खुद्द चांद्याचें. १७५१ मध्यें रघूजी भोसल्यांनीं गोंडांचें राज्य आपल्या राज्यास जोडलें. दरबार गेला, त्याबरोबर दरबारीं येणारे वकील, कारागीर, याचक हेहि नागपूरची वाट धरूं लागले असले पाहिजेत. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे आणि राणी हिराईनें बांधविलेली बीरशहाची समाधि आजहि उभी आहे. ब्रिटिश अमदानीच्या आरंभींच्या वर्णनांत तटाच्या आंत शेतें असल्याचा उल्लेख येतो. राजधानीच्या तटांत नांगर चालावा, हें ओसरलेल्या नगरानें आपल्यापुरतें काढलेलें उत्तरच म्हणावयाचें. पण तो नांगर प्रथम कोणीं धरिला, हें सांगणारा कागद आपणांपाशीं नाहीं.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, दोनचार वर्षांपूर्वींची दुकानदाराची वही हें काय इतिहासाचें साधन झालें? त्यास उत्तर एवढेंच कीं, पेशवे दप्तरांतील रोजकीर्दीहि लिहिल्या त्या दिवशीं केवळ हिशेबच होत्या. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जीं दप्तरें मिळविलीं, त्यांतील बरींचशीं त्यांच्या मालकांच्या दृष्टीनें रद्दीच होतीं. आणि आजचा धोका त्याहूनहि मोठा आहे. अरण्यप्रवेशाची नोंदणी आतां संगणकांतून होते. तिचा कागद मागें रहात नाहीं. यात्रेच्या बाजूस कागद अजून आहे, पण तो वाळवी व रद्दीवाला यांच्या मध्यें उभा आहे.

उपर्युक्त वहीच्या मालकास मीं तिच्या मागच्यापुढच्या वह्या मागितल्या. ते सद्गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, त्या गेल्या उन्हाळ्यांत किलोवर घातल्या. घरांत मीठ घ्यावयासहि पैसे नव्हते. ही तेवढी आईनें ठेवून घेतली. वर श्री लिहिलेलें, म्हणून विकूं दिली नाहीं.” यावर काय बोलावें तें मला सुचलें नाहीं. जो कागद मी इतिहास म्हणून मागत होतों, त्याच्याच भावंडांनीं त्या घराला कांहीं दिवस जेवूं घातलें होतें.

ताम्रपट व सनदा जमविणाऱ्या सुहृदांस विनंति इतकीच कीं, यात्रेच्या गांवीं गेल्यावर दुकानदारांच्या वह्या, धर्मशाळांच्या नोंदी, वाटाड्यांच्या पाळीचे कागद यांचीहि चौकशी करावी, आणि रद्दीवाल्यापेक्षां अधिक मोल देऊन ते घ्यावेत. कोरीं पानें आढळल्यास फाडून टाकूं नयेत. शके १९४४ च्या चैत्रांत यात्रा पुन्हां भरली, तेव्हां त्या दुकानदारानें नवी वही घातली; जुनी त्यानें माझ्या स्वाधीन केली. ती आज माझ्या संग्रहीं असून, पाहूं इच्छिणाऱ्यांस केव्हांहि दाखविली जाईल.